'दरवाढीमुळे धोरण बदललं': माझ्या सिनॉप्सिसमधल्या एका वाक्याची चिकित्सा, एन्रॉनच्या निमित्ताने



पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, असे बरेच मेसेज सध्या येतायत. म्हणून आज दुसऱ्या कोणाच्या नव्हे, माझ्याच सिनॉप्सिसमधलं एक वाक्य टेबलावर घेते. पहिल्या मसुद्यात, पहिल्याच पानावर मी लिहिलं होतं: 'इंधनाच्या वाढत्या दरांमुळे भारताच्या ऊर्जा धोरणात बदल होत गेले.'

वाचायला किती बरं वाटतं, नाही का? कोणी हरकत घेणार नाही असं वाक्य. सरांनी मात्र समासात पेन्सिलने तीन प्रश्न लिहून कागद परत दिला. कोणतं इंधन? कोणता बदल? आणि वाढलेले पैसे भरले कोणी?

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. एम.एस्सी. फिजिक्सला आपण दाब वाढला की आकारमान कमी होतं, असली वाक्यं सरळ लिहितो. इथे काय अडलं? पण या तीन प्रश्नांची उत्तरं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. आमच्याच जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात अंजनवेलला, ती उत्तरं तीस वर्षं उभी आहेत. सगळा रत्नागिरी जिल्हा त्याला अजून 'एन्रॉन' म्हणतो, कंपनी बुडून दोन दशकं उलटली तरी.

आमच्या घरी एन्रॉनची गोष्ट एका ओळीत सांगितली जायची. बाबा म्हणायचे, "तेल महागलं, वीज परवडेना, बंद पडलं." मी शाळेत असताना लोडशेडिंगमध्ये मेणबत्ती लावून अभ्यास करायचो आम्ही, आणि प्रश्न पडायचा की जिल्ह्यात एवढा मोठा वीज प्रकल्प असताना अंधार का? उत्तर तेच. तेल महागलं. माझं सिनॉप्सिसमधलं वाक्य म्हणजे बाबांचंच वाक्य होतं, फक्त त्याला प्रमाणभाषेचा शर्ट घातलेला.

ते वाक्य पूर्ण खोटं नाही, हे आधीच सांगते. ते अर्धवट आहे. आणि संशोधनात अर्धवट वाक्य जास्त त्रास देतं, कारण ते कोणी तपासायला जात नाही.

दरवाढीने दार उघडलं, इतकं खरं

सुरुवात वाक्याच्या बाजूने करूया. चिकित्सा करताना आधी समोरच्याचं म्हणणं जितकं मजबूत करता येईल तितकं करायचं, ही सवय लावून घ्या.

ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर आक्रमण केलं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत कच्च्या तेलाचा दर दुपटीहून जास्त झाला. भारताकडे परकीय चलन आधीच कमी होतं. १९९१ मध्ये ते जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं उरलं आणि सोनं गहाण टाकायची वेळ आली. मग उदारीकरण. त्याच वर्षी वीजनिर्मिती खासगी आणि परदेशी कंपन्यांना खुली करण्यासाठी कायद्यात दुरुस्ती झाली. वीज मंडळांकडे नवे प्रकल्प उभारायला पैसे नव्हते, केंद्राकडे डॉलर नव्हते. म्हणजे तेलाच्या दरवाढीनंतर राष्ट्रीय ऊर्जा धोरणात खरोखरच मोठा बदल झाला.

वाक्य जिंकलं, असं वाटतं ना? पण आता त्या उघडलेल्या दारातून आत काय आलं ते बघा.

२० जून १९९२ रोजी एन्रॉन, जनरल इलेक्ट्रिक आणि महाराष्ट्र राज्य वीज मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला. कंपनीची माणसं राज्यात येऊन आठवडाही झाला नव्हता. ८ डिसेंबर १९९३ ला वीज खरेदीचा करार झाला. प्रकल्पाचं अंतिम इंधन ठरलं आयात केलेला द्रवरूप नैसर्गिक वायू, म्हणजे एलएनजी. आणि तो येईपर्यंत पहिला टप्पा चालणार होता नाफ्थासारख्या द्रव इंधनावर. नाफ्था हा कच्च्या तेलातूनच निघतो. एलएनजीचे दीर्घ मुदतीचे करारही त्या काळी बहुधा कच्च्या तेलाच्या दराशीच बांधलेले असत.

म्हणजे बघा, आयात तेल महागल्यामुळे देशावर संकट आलं. त्या संकटावरचा उपाय म्हणून जो प्रकल्प आला, त्याचं इंधन तेलाच्या दराशी बांधलेलं आणि दराचा मोठा भाग डॉलरमध्ये. 'इंधन महागलं म्हणून धोरण बदललं' हे वाक्य या टप्प्यावर गप्प होतं. महागाईतून शहाणपण घेतलं असतं तर देशी कोळसा, गळती कमी करणं, जलविद्युत असे रस्तेही होते. त्यातला हाच रस्ता का निवडला गेला, हे दरवाढ सांगू शकत नाही. दरवाढीने घाई निर्माण केली. त्या घाईत तयार प्रस्ताव, भांडवल आणि ओळखी घेऊन जो उभा होता तो आत शिरला.

दोन तारखा ज्या वाक्यात बसत नाहीत

आता वाक्याच्या विरोधातले पुरावे. कुठलाही कार्यकारणाचा दावा तपासताना दोन गोष्टी बघायच्या. कारण असताना परिणाम झाला का? आणि कारण नसताना परिणाम झाला का? दुसरा प्रश्न आपण विसरतो.

पहिली तारीख, एप्रिल १९९३. जागतिक बँकेला या प्रकल्पाबद्दल विचारलं गेलं होतं. बँकेने कळवलं की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या व्यवहार्य नाही. आयात वायूवरची ही वीज कोळशाच्या विजेपेक्षा महाग आहे आणि ती घेतली तर आधीची स्वस्त वीज बाजूला सारावी लागेल. बँकेने कर्ज नाकारलं. त्या वेळी तेल किती महाग होतं? नव्हतंच. १९९० ची उसळी केव्हाच ओसरली होती आणि पिंप सतरा-अठरा डॉलरच्या आसपास होतं.

दुसरी तारीख, ३ ऑगस्ट १९९५. त्या वर्षी राज्यात शिवसेना-भाजपचं सरकार आलं होतं. प्रचारात हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली होती. मुंडे समितीच्या अहवालानंतर सरकारने प्रकल्प रद्द केला. तेल तेव्हाही स्वस्तच. काही महिन्यांत पुन्हा वाटाघाटी झाल्या, आणि १९९६ मध्ये तोच प्रकल्प परत आला, २०१५ मेगावॅटऐवजी २१८४ मेगावॅटचा होऊन. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांच्या वाजपेयी सरकारने केंद्राच्या प्रतिहमीवर शिक्कामोर्तब केलं. प्रतिहमी म्हणजे काय, तर वीज मंडळाने पैसे दिले नाहीत तर राज्य देईल, राज्याने दिले नाहीत तर केंद्र देईल.

म्हणजे धोरण एकदा उलटं आणि एकदा सुलटं फिरलं, आणि दोन्ही वेळा इंधनाचा दर जवळपास जागेवर होता. तुमच्या आलेखात आडव्या अक्षावर तेलाचा दर आणि उभ्या अक्षावर धोरणातले बदल घेतले, तर हे दोन बिंदू रेषेवर बसणारच नाहीत. असे बिंदू 'अपवाद' म्हणून खोडू नका. बहुतेक वेळा खरी गोष्ट तिथेच असते.

हिशेब करून बघूया

मे १९९९ मध्ये पहिला टप्पा, ७४० मेगावॅटचा, सुरू झाला. १९९९ च्या सुरुवातीला कच्चं तेल दहा-अकरा डॉलर होतं. सप्टेंबर २००० मध्ये ते तिशीच्या वर गेलं. करार झाला तेव्हा डॉलर एकतीस-बत्तीस रुपयांना होता, २००० च्या अखेरीस सेहेचाळीसच्या पुढे. एन्रॉनची वीज २००० च्या उत्तरार्धात काही महिन्यांत युनिटला सात रुपयांच्या वर गेली, आणि वर्तमानपत्रांत हाच आकडा गाजला.

बाबांचं वाक्य याच आकड्यावर उभं आहे. पण हा आकडा येतो कुठून?

वीज खरेदी करारात दराचे दोन भाग असतात. एक स्थिर भाग, प्रकल्प उभा ठेवण्याचा: कर्जाचे हप्ते, व्याज, नफा. याला क्षमता आकार म्हणा. दुसरा इंधनाचा भाग, जितकी वीज घेतली तितका. दाभोळच्या करारात प्रकल्प ९० टक्के उपलब्ध असेल तर स्थिर भाग पूर्ण द्यायचा होता, वीज घ्या किंवा घेऊ नका. आणि इंधनाचा खर्च जसा येईल तसा वीज मंडळाने भरायचा होता.

आता एक काल्पनिक हिशेब करते. रुपयांचे आकडे सोयीसाठी घेतलेत, ते कराराचे आकडे समजू नका. ७४० मेगावॅटचा संच महिनाभर ९० टक्के चालला तर साधारण ४८ कोटी युनिट वीज होते. हे तुम्हीही करून बघा: ७ लाख ४० हजार किलोवॅट गुणिले ७२० तास गुणिले ०.९. समजा स्थिर आकार महिन्याला ९६ कोटी रुपये आणि इंधनखर्च युनिटला २ रुपये.

सगळी वीज घेतली तर स्थिर भाग युनिटला २ रुपये, इंधन २ रुपये. एकूण ४ रुपये.

आता इंधन दीडपट महागलं, ३ रुपये झालं. सगळी वीज घेतली तर दर ५ रुपये. वाढ फक्त एका रुपयाची.

पण वीज मंडळ सगळी वीज घेणार नाही. कारण कोणत्या केंद्राची वीज आधी घ्यायची हे इंधनखर्चाच्या क्रमाने ठरतं, ज्याला मेरिट ऑर्डर म्हणतात. स्वस्त इंधनाची केंद्रं आधी, महाग नंतर. नाफ्था महागला की हे केंद्र रांगेत मागे जातं. समजा मंडळाने ४८ ऐवजी १६ कोटी युनिटच घेतले. स्थिर आकाराचे ९६ कोटी तर द्यायचेच आहेत, ते आता १६ कोटी युनिटवर विभागले जातात, म्हणजे युनिटला ६ रुपये. वर इंधन ३ रुपये. एकूण ९ रुपये.

चारचे नऊ झाले. पाच रुपयांच्या या वाढीत इंधनाचा वाटा एक रुपया, आणि न घेतलेल्या विजेचा वाटा चार रुपये.

इथे थोडं थांबा, कारण अजून एक गंमत आहे. मंडळाने महिन्याला एकूण किती पैसे दिले? सगळी वीज घेतली असती तर ९६ अधिक १४४, म्हणजे २४० कोटी. कमी घेतली तेव्हा ९६ अधिक ४८, म्हणजे १४४ कोटी. उरलेली ३२ कोटी युनिट कोळशाच्या केंद्रांतून तीन रुपयांपेक्षा कमी खर्चात मिळत असतील, तर कमी वीज घेणं हाच शहाणपणा आहे. म्हणजे 'नऊ रुपये युनिट' हा आकडा खरा असूनही तो निर्णयाला लागू होत नाही. कंपनी तेव्हा म्हणत होती, तुम्ही वीज कमी घेता म्हणून ती महाग दिसते. मंडळ म्हणत होतं, महाग आहे म्हणून कमी घेतो. अंकगणितात दोघंही बरोबर होते. चूक होती ती, गरज नसलेल्या क्षमतेचे पैसे द्यायची कबुली आधीच देऊन ठेवण्यात. आणि महाग वीज स्वस्त विजेला बाजूला सारेल, हे तर जागतिक बँकेने १९९३ मध्येच लिहून ठेवलं होतं.

म्हणून माझा निष्कर्ष असा: दरवाढीने एन्रॉनचा प्रश्न निर्माण केला नाही, तिने तो उघडा पाडला. ठिणगी इंधनाची होती, दारूगोळा कराराने भरून ठेवला होता. सिनॉप्सिसमध्ये 'निमित्त' आणि 'कारण' हे दोन शब्द वेगळे वापरा, असं सर का सांगतात ते मला हा हिशेब केल्यावर कळलं.

दोन दस्तऐवज, दोन चष्मे

या विषयावर वाचायचं असेल तर दोन गोष्टींपासून सुरुवात करा. पण दोन्हींकडे प्रश्न घेऊन जा.

अभय मेहता यांचं 'पॉवर प्ले' हे इंग्रजी पुस्तक २००० मध्ये आलं, म्हणजे प्रकल्प बंद पडण्याआधी. याचं मोठं बळ हेच. सगळं संपल्यावर 'मी म्हटलंच होतं' म्हणणं सोपं असतं. मेहता यांनी करार आणि कागद समोर ठेवून ते आधी म्हटलं. मर्यादा अशी की पुस्तकाची बाजू पहिल्या पानापासून ठरलेली आहे. त्यात काही वाईट नाही, पण तुम्ही त्यातले कागद वापरा, विशेषणं वापरू नका.

दुसरा, माधव गोडबोले समितीचा अहवाल. राज्य सरकारने फेब्रुवारी २००१ मध्ये समिती नेमली आणि एप्रिलमध्ये अहवाल आला. दीपक पारेख, राजेंद्र पचौरी, ई. ए. एस. सरमा, किरीट पारिख अशी माणसं त्यात होती. या अहवालाची मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो कारणं वेगळी करतो. मागणीचा फुगवलेला अंदाज, स्थिर आकार, डॉलरशी बांधलेला दर, इंधन, मंजुरीच्या प्रक्रियेतल्या त्रुटी, हे सगळं त्याने एका गाठोड्यात टाकलं नाही. म्हणूनच दर डॉलरपासून सोडवा, एलएनजीची व्यवस्था वीज प्रकल्पापासून वेगळी करा, असे नेमके उपाय तो सुचवू शकला. नुसतं 'तेल महागलं' एवढंच निदान असतं, तर उपाय एकच उरला असता: तेल स्वस्त व्हायची वाट बघा.

त्याची मर्यादाही सांगते. तो फेरवाटाघाटीच्या तयारीसाठी लिहिलेला अहवाल आहे, त्यामुळे त्याची नजर करारावर आहे. १९९७ च्या सुमारास अंजनवेल, वेलदूरच्या लोकांनी जमीन, पाणी आणि मासेमारीसाठी आंदोलन केलं, त्यांना लाठ्या आणि तुरुंग मिळाला. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्यावर स्वतंत्र अहवाल काढला. युनिटच्या दरात ती किंमत कुठेच दिसत नाही. ऊर्जा धोरणाचा खर्च मोजताना आपण जो कॉलम आखतो त्यातच पैसे दिसतात, हे रत्नागिरीच्या मुलांना तरी वेगळं सांगायला नको.

पुढचं थोडक्यात. फेब्रुवारी २००१ मध्ये कंपनीने केंद्राची प्रतिहमी मागितली, मे २००१ मध्ये मंडळाने करार रद्द केला आणि प्रकल्प थंडावला, डिसेंबरमध्ये एन्रॉन अमेरिकेतच दिवाळखोरीत गेली. २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल यांच्या पुढाकाराने रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनी आली. मग कृष्णा-गोदावरी खोऱ्याचा देशी वायू मिळाला. तो आटला तसा २०१३ मध्ये प्रकल्प पुन्हा बंद पडला. लक्षात घ्या, या वेळी इंधनाचा दर हा पहिला प्रश्नच नव्हता, इंधन मिळणंच बंद झालं होतं. 'दर' आणि 'उपलब्धता' हे दोन वेगळे चल आहेत. माझ्या मूळ वाक्यात दोन्ही एकाच शब्दात कोंबले होते.

धडा घेतला, पण कोणता?

आता शेवटचा प्रश्न, पैसे कोणी भरले? दाभोळमध्ये इंधनाची जोखीम पूर्णपणे वीज मंडळाच्या, म्हणजे शेवटी आपल्या खात्यात होती. पुढे वीज कायदा २००३ आला, आणि त्यानंतर स्पर्धात्मक निविदांतून वीज घ्यायची पद्धत रुजली. हा कायदा केवळ एन्रॉनमुळे आला असं मी म्हणणार नाही, त्यामागे बरीच कारणं आहेत. पण निविदेच्या पद्धतीत एक मोठा फरक होता: बोली लावणारी कंपनी इंधनाच्या दराची जोखीम स्वतःवर घेऊ शकत होती.

गुजरातमधल्या मुंद्रा इथे टाटा पॉवरने ४००० मेगावॅटचा प्रकल्प आयात कोळशावर, सरासरी सुमारे २ रुपये २६ पैसे युनिट दराने जिंकला. महाराष्ट्रही त्याचा ग्राहक. मग इंडोनेशियाने कोळशाच्या निर्यात किमतीचे नियम बदलले आणि २०११ पासून तिथला कोळसा बाजारभावानेच घ्यावा लागला. या वेळी दरवाढ कंपनीच्या खात्यात पडली. कंपन्या आयोगाकडे आणि कोर्टात गेल्या. ११ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की परदेशातला कायदा बदलला म्हणून करारातला दर वाढवता येणार नाही.

प्रश्न सुटला? नाही. तोट्यात वीज कोण बनवणार? आयात कोळशाची केंद्रं कमी चालू लागली, काही बंद ठेवली गेली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर कोळसा आणखी भडकला, उन्हाळ्यात विजेचा तुटवडा झाला, आणि मे २०२२ मध्ये केंद्राने वीज कायद्याच्या कलम ११ खाली आयात कोळशाच्या केंद्रांना पूर्ण क्षमतेने चालण्याचा आदेश दिला. सोबत वाढलेला इंधनखर्च वसूल करायची सोयही केली. कोणाकडून? वीज घेणाऱ्यांकडून. आमच्या तालुक्यातलं जयगडचं १२०० मेगावॅटचं केंद्रही आयात कोळशावर उभं राहिलेलं आहे, म्हणून हा विषय आम्हाला फार लांबचा नाही.

दोन करार, दोन टोकं. एकात जोखीम जनतेवर, दुसऱ्यात कंपनीवर. दुसरा करार कागदावर आपल्या बाजूचा होता, पण टंचाई आली तेव्हा जोखीम फिरून आपल्याकडेच आली. म्हणून 'दरवाढीचा धोरणावर परिणाम' अभ्यासायचा असेल तर दर किती वाढला यापेक्षा, तो कोणाच्या खात्यात पडला आणि मग कोणाच्या खात्यात सरकवला गेला, याची नोंद ठेवा. माझ्या मते धोरण बदलतं ते या सरकवासरकवीच्या वेळी.

आणि दर पडतात तेव्हा?

माझ्या वाक्यात 'वाढत्या' हा शब्द होता. त्यावरही काट मारावी लागली. २०१४ च्या मध्यात कच्चं तेल शंभरीच्या वर होतं, मग ते घसरत गेलं, आणि त्या घसरणीतच ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवलं. पंपावर फरक पडत नाही तोवर कर वाढवता येतो, हे उघड आहे. कोकण रेल्वेच्या विद्युतीकरणाचा नारळ फुटला तोही २०१५ मध्ये, डिझेल उतरणीला लागलेलं असताना. काम २०२२ मध्ये संपलं तेव्हा डिझेल कडाडलं होतं. फक्त शेवटची तारीख घेतली तर कोणीही लिहील, 'डिझेल महागल्यामुळे कोकण रेल्वे विजेवर आली'. निर्णयाची तारीख आणि उद्घाटनाची तारीख यांत गल्लत करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणखी एक. नोव्हेंबर २०२१ ते मार्च २०२२ असे साडेचार महिने पंपावरचे दर हललेच नाहीत. त्या काळात पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. त्यामुळेच दर थांबले असं छातीठोक म्हणायला माझ्याकडे कागद नाही, पण तारखा समोर आहेत. कच्चं तेल मात्र त्याच काळात भडकत होतं. मार्च २०२२ मध्ये घाऊक ग्राहकांचं डिझेल एकदम लिटरला सुमारे २५ रुपयांनी महागलं, पंपावरचं तसंच राहिलं. घाऊक दराने डिझेल घेणाऱ्या मच्छीमार संस्थांना याची झळ बसली. एकाच बंदरात, एकाच दिवशी, एकाच डिझेलचे दोन भाव. मिरकरवाड्याच्या जेटीवर उभं राहून 'डिझेलचा दर काय होता?' एवढा साधा प्रश्न विचारलात, तर उलट प्रश्न येईल, कोणाच्या बोटीसाठी?

मग वाक्य कसं लिहायचं?

माझ्या सिनॉप्सिसच्या चौथ्या मसुद्यात ते वाक्य असं झालं: 'आयात इंधनाच्या दरातील चढउतारांची जोखीम वीज खरेदी करारांत कोणावर टाकली गेली आणि संकटकाळी ती कोणाकडे हस्तांतरित झाली, याचा १९९१ ते २०२२ या काळातील महाराष्ट्राशी संबंधित प्रकल्पांच्या आधारे अभ्यास.'

वाचायला रुक्ष आहे, मान्य. पण आता ते चूक ठरू शकतं. इंधन सांगितलंय, काळ सांगितलाय, कागद कुठले बघायचे ते सांगितलंय. पहिलं वाक्य चूक ठरूच शकत नव्हतं, आणि म्हणून त्यावर तीन वर्षं घालवण्यात अर्थ नव्हता.

'तेल महागलं' हे वाक्य घरात म्हणायला ठीक आहे. पण संशोधनात ते लिहिलं की कर्ता होतो तेल. मग करार कोणी वाचला, मागणीचा अंदाज कोणी फुगवला, बँकेचा इशारा कोणी बाजूला ठेवला, हे प्रश्न विचारायची गरजच उरत नाही.

तुमच्यासाठी एक गृहपाठ. घरचं महावितरणचं वर्षभराचं बिल काढा. त्यात 'स्थिर आकार', 'वीज आकार' आणि 'इंधन समायोजन आकार' अशा ओळी दिसतील. वर मी केलेला हिशेब तिथेच, छोट्या अक्षरांत बसलेला आहे. बारा महिन्यांच्या इंधन समायोजन आकाराचा तक्ता करा, शेजारी त्या महिन्यातला कोळशाचा किंवा तेलाचा दर लिहा, आणि दोन्ही एकत्र हलतात का बघा. नाही हलले, तर का नाही हलले हा तुमचा पहिला खरा संशोधन-प्रश्न.

मी हा तक्ता बाबांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "म्हणजे तेल महागलं नव्हतं तर?" महागलं होतं, बाबा. मी तेव्हा एवढंच बोलले. बाकीचं प्रबंधात लिहायचंय.